टायरच्या खोक्यावरचा नकाशा

सातेरीमामा सायकल चालवत नाही.
डावा पाय लहानपणीच वाळलेला.
शहापुरात मागांच्या खटखटीला लागून त्याचं दुकान,
दुकान कसलं, एक पत्रा आणि एक पाण्याची परात.
पण बेळगावच्या भोवतालचे रस्ते
त्याला तोंडपाठ. सगळे टायरातून काढलेले.

बाभळीचा काटा निघाला की म्हणतो, कालव्याकडनं आलास.
तारेचं बारीक कूस निघालं तर हायवे,
ट्रकचे टायर फुटून तिथं केसांसारखे पडलेले असतात.
हिरवी काच निघाली की विचारतो,
टिळकवाडीत काल कुणाचं लग्न होतं?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर
पहिल्यांदा सायकल ढकलत त्याच्याकडे गेलो.
"वेंगुर्ला रोड नको," तो म्हणाला,
"उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात."
रिकामं खोकं पालथं घालून
कानावरच्या पेन्सिलीनं त्यानं रेघ ओढली:
उचगाव. बेकिनकेरे. पुढं एक गोल,
गोलात काही नाही.
"हिकडनं आलेल्याच्या टायरात
मला आजवर काय गावलं नाही.
रस्ता बरा असणार."

रविवारी निघालो.
उचगावच्या पुढं एक एक आवाज मागं राहिला,
आधी हॉर्न, मग लाऊडस्पीकर,
मग माझ्याच गुडघ्यातली कुरकुर.
उरली फक्त साखळी,
आणि तिला उत्तर देणारा एक भारद्वाज, काजूच्या आडून.
मैलाच्या दगडावर कन्नड, पुसट,
त्यावर कुणी चुन्यानं मराठी,
त्यावर शेळीनं अंग घासलेलं.

मग डांबर संपलं.
खड्डा नाही, वळण नाही, नुसतं संपलं,
कुणी वाक्य अर्धं टाकून उठून जावं तसं.
पुढं पन्नास-साठ पावलांवर
दुसरं डांबर सुरू होत होतं, जरा जास्त काळं.
मधल्या तांबड्या मातीचा धनी
कुठल्याच ऑफिसात सापडत नाही म्हणे.
त्या मातीवर शेण सारवलेलं होतं,
आणि सारवणावर नाचणीची कणसं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी उतरलो. सायकल खांद्यावर घेऊ लागलो
तशी बांधावरून हाक आली,
"का रे, उचलतोस कशाला?"
कल्लव्वा. हातात खराटा, डोक्यावर पोत्याची खोळ.
"मळायला तर घातलंय.
दुधाचा टेम्पो येतोय रोज एक, तेवढाच.
आज तेबी न्हाई फिरकला.
तूच मार की चार फेऱ्या."

आयुष्यभर गाड्या चुकवत आलो,
आज कुणीतरी मला गाडी म्हणत होतं.

गेलो. आलो. पुन्हा गेलो.
कणसं चाकाखाली चुरचुरत होती,
कर्नाटकातून महाराष्ट्रात, महाराष्ट्रातून कर्नाटकात,
किती वेळा ते मोजलं नाही.
ती कडेनं खराट्यानं सारखं करत होती.
अकराव्या का बाराव्या फेरीला म्हणाली,
"ह्या वजनानं काय व्हतंय?
जरा जेवत जा की."
आणि पदराआडची भाकरी मोडून
अर्धी माझ्या हँडलवर ठेवली.

परतीच्या वाटेला उतार होता.
ब्रेक धरले नाहीत.

सोमवारी सातेरीमामानं चाक परातीत फिरवलं.
बुडबुडा एकही नाही.
मग टायरच्या नक्षीत नख घालून
त्यानं बारीक तांबडा दाणा काढला,
मग दुसरा. मग तिसरा.
तळहातावर घेऊन उजेडात धरले,
काही बोलला नाही.
खोकं मागून घेतलं,
त्या रिकाम्या गोलात पेन्सिल टेकवली
आणि किती वेळ तसाच बसला,
काय लिहावं म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला कळेल,
की तिथं गाडी येत नाही
आणि तिथं कुणीतरी
गाडीची वाट बघतंय.